एकाच शाळेचे तीन आकडे
(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मुलगी येत्या वर्षी हायस्कूलला, म्हणजे नववीत जाईल. शाळेच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ग्रॅज्युएशन रेट ९४ टक्के. राज्याच्या अहवालात त्याच शाळेचा वार्षिक ड्रॉपआउट रेट १.२ टक्के. मग मधले जवळजवळ पाच टक्के गेले कुठे? देशाचे आकडे शोधले तर ग्रॅज्युएशन ८७ आणि ड्रॉपआउट ५.३. शंभर कुठेच होत नाहीत. नवरा अकाउंटंट आहे. तो म्हणतो, कुणीतरी वह्या रंगवल्यात. खरं काय समजायचं?
— एक पालक, टेक्सास

उत्तर: यजमानांना सांगा, शंका रास्त आहे, पण जागा चुकली. वह्या रंगवल्याच असतील तर त्या या बेरजेत सापडायच्या नाहीत. तुम्ही दिलेले चारही आकडे वेगवेगळ्या माणसांबद्दल आहेत, त्यामुळे त्यांची बेरीज करण्यात अर्थच नाही.

आधी देशाचं बघू. ८७ टक्के हा सरकारी शाळांचा २०२१-२२चा आकडा. चार वर्षांपूर्वी नववीत पहिल्यांदा बसलेल्या मुलांपैकी कितींना चार वर्षांत हायस्कूल पूर्ण केल्याचा नेहमीचा डिप्लोमा मिळाला, एवढंच तो सांगतो. २०२२चा ५.३ हा आकडा शाळांकडून आलेलाच नाही. सेन्सस ब्यूरो घराघरांचा जो सर्व्हे करतं, त्यातून तो निघतो. वय १६ ते २४, हातात डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र नाही आणि सध्या कुठे शिकतही नाही, अशा सगळ्यांची ती टक्केवारी. सतराव्या वर्षी परदेशातून थेट कामावर आलेला, इथल्या शाळेची पायरीही न चढलेला मुलगा या ५.३मध्ये मोजला जातो. उलट, अकरावीत शाळा सोडून एकविसाव्या वर्षी जीईडी (डिप्लोमाच्या तोडीचं प्रमाणपत्र देणारी परीक्षा) पास झालेली मुलगी त्यातून सुटते, पण तिच्या शाळेच्या ग्रॅज्युएशन रेटमध्ये ती कायमची राहून गेलेली असते.

आता तुमची शाळा. १.२ टक्के हा एका वर्षाचा हिशेब आहे. नववी ते बारावीपर्यंतच्या सगळ्या मुलांपैकी या एका वर्षात किती गळली, तेवढाच. एक बॅच मात्र अशी चार वर्षं काढते. दरवर्षी १.२ टक्के मुलं गळाली तर चार वर्षांअखेर ९८.८चा चौथा घात घ्यायचा. शंभरातली साधारण पावणेपाच मुलं गेलेली असतात. हे ढोबळ गणित आहे, कारण नववीतली गळती आणि बारावीतली गळती सारखी नसते. तरी तुमचे ‘मधले पाच टक्के’ बहुतांशी इथेच सापडले. उरलेला एखादा टक्का म्हणजे पाचव्या वर्षीही शाळेतच असलेली किंवा जीईडीकडे वळलेली मुलं. टेक्सासचं शिक्षण खातं एका बॅचचे असे चार भाग छापतंसुद्धा: ग्रॅज्युएट झाले, अजून शिकताहेत, समकक्ष प्रमाणपत्र घेतलं, गळाले. माहितीपत्रकावर पहिलाच भाग येतो. छापखान्यात जागा कमी असते म्हणे.

त्यामुळे वार्षिक ड्रॉपआउट रेट पाहून हुरळून जाऊ नका. चार टक्के ऐकायला किती निरुपद्रवी वाटतं! चार वर्षांत शंभरातली पंधरा मुलं गेली, असं म्हटलं की वाटत नाही.

यजमानांनी शंका घ्यायची ती छेदावर. अंशात फारशी लबाडी करता येत नाही, कारण डिप्लोमा दिला की नाही हे कागदावर असतं. छेद मात्र चार वर्षं हलत असतो. एक काल्पनिक शाळा घ्या. नववीला ४०० मुलं. मधल्या वर्षांत दुसरीकडून ४० आली, ६० दुसऱ्या शाळांत गेली आणि गेल्याचे कागद आहेत. छेद झाला ३८०. त्यातल्या ३२३ मुलांना वेळेत डिप्लोमा मिळाला: ८५ टक्के. उरली ५७. त्यातली २० पाचव्या वर्षात शिकताहेत, १२ जणांनी जीईडी दिली आणि २५ खरोखर गळाली.

समजा, कचेरीतल्या कुणी त्या २५ पैकी १५ मुलांपुढे ‘दुसऱ्या राज्यात गेला’ असं लिहिलं. छेद ३६५ झाला आणि रेट ८८.५. एकही मूल जास्त शिकलं नाही, एकही शिक्षक जास्त राबला नाही, आणि शाळा साडेतीन टक्क्यांनी सुधारली. दुसरी युक्ती यापेक्षा सभ्य: बारावीच्या सुरुवातीला पटावर असलेल्या मुलांनाच मोजायचं. या शाळेत ती ३४५ असतील तर ३२३ भागिले ३४५, म्हणजे ९३.६ टक्के. नववी-दहावीत गेलेली मुलं हिशेबात आलीच नाहीत.

ही दुसरी युक्ती मी रचलेली नाही. न्यू मेक्सिको राज्य एके काळी अधिकृतपणे असंच मोजत असे. नॉर्थ कॅरोलायनाने तर कमाल केली होती: जे ग्रॅज्युएट झाले, त्यांच्यापैकी किती जण चार वर्षांत झाले, ही टक्केवारी ते ग्रॅज्युएशन रेट म्हणून वॉशिंग्टनला, म्हणजे फेडरल सरकारला, कळवत. जे झालेच नाहीत ते छेदातच नाहीत! शंभरातल्या नव्वद मुलांनी शाळा सोडली आणि दहाच वेळेत पार पडली, तरी रेट शंभर टक्के. मिसिसिपीने वॉशिंग्टनला ८७ टक्के कळवले होते आणि स्वतःच्या राज्यातल्या कामासाठी ठेवलेला आकडा होता ६३. हे प्रकार घडायचं कारण म्हणजे २००२ साली सही झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने ग्रॅज्युएशन रेट मागितला, पण मोजण्याची पद्धत राज्यांवर सोडली. विद्यार्थ्यानेच आपला पेपर तपासायचा म्हटल्यावर आणखी काय होणार?

२००५ साली पन्नासही राज्यांच्या गव्हर्नरांनी एकच पद्धत वापरायचं कबूल केलं. २००८ साली फेडरल सरकारने ती नियमात बांधली. मी वर जो ८५ टक्क्यांचा हिशेब मांडला, तो या नियमाप्रमाणे आहे: पहिल्यांदा नववीत आलेली मुलं, अधिक आलेली, वजा गेलेली. गेलेली म्हणजे डिप्लोमा देणाऱ्या दुसऱ्या शाळेत गेलेली, देश सोडलेली किंवा मरण पावलेली. तेही कागद असेल तरच. जीईडीकडे वळलेलं मूल छेदातून काढता येत नाही. ‘पत्ता लागत नाही’ म्हणूनही काढता येत नाही. २०१०-११ला या पद्धतीने देशाचा पहिला आकडा आला, ७९ टक्के. तिथून पुढे तो चढत गेला.

‘पहिल्यांदा नववीत’ या शब्दांचंही एक कारण आहे. नववीत नापास होऊन पुन्हा नववीत बसणारी मुलं इथे भरपूर. त्यामुळे नुसता नववीचा पट मोजला तर काही मुलं दोनदा येतात, छेद फुगतो आणि रेट उगीच खाली दिसतो. एकेका मुलाची नोंद ठेवणारी यंत्रणा सगळ्या राज्यांकडे नव्हती, तेव्हा यावर तोड म्हणून आठवी, नववी आणि दहावी अशा लागोपाठच्या तीन वर्षांच्या पटाची सरासरी छेद म्हणून घेत. अंदाज म्हणून ठीक होतं. मुलांच्या ये-जा करण्याचं काय, ते त्यात कळत नसे.

नियम आला म्हणून सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. आधी नियमापूर्वीचं, तुमच्याच राज्यातलं ह्यूस्टन आठवा. २००१-०२ मध्ये तिथल्या शार्पस्टाउन हायस्कूलमधून ४६३ मुलं निघून गेली आणि शाळेने गळती कळवली शून्य. तिथल्याच उपमुख्याध्यापकांनी, रॉबर्ट किंबॉल यांनी, हे उघड केलं. पुढे राज्याने ह्यूस्टनच्या सोळा शाळा तपासल्या. २०००-०१ मध्ये शाळा सोडलेल्या साडेपाच हजार मुलांपैकी निम्म्याहून अधिकांची नोंद गळती म्हणून व्हायला हवी होती, ती झाली नव्हती. त्या काळात ह्यूस्टनच्या या स्कूल डिस्ट्रिक्टचं (एका भागातल्या सरकारी शाळांच्या कारभाराचं) उदाहरण देशभर दिलं जात होतं, आणि तिथले सुपरिंटेंडंट, म्हणजे प्रमुख, रॉड पेज २००१ मध्ये देशाचे शिक्षणमंत्री झाले होते. हे २००८च्या नियमाआधीचं. पण नियमानंतर, २०१५ मध्ये शिकागोच्या सरकारी शाळांनाही आपले जुने रेट खाली आणावे लागले. शाळा सोडलेल्या मुलांना ‘दुसरीकडे गेले’, ‘घरी शिकतात’ असं दाखवलं होतं. २०१४चा ६९.४ टक्के हा आकडा ६६.३ झाला.

मी एका हायस्कूलच्या रजिस्ट्रार कचेरीत, म्हणजे मुलांच्या नोंदी ठेवतात तिथे, बरीच वर्षं काढली, म्हणून सांगते, बहुतेक वेळा यात कुणी खलनायक नसतो. ऑगस्टमध्ये शाळा उघडते आणि यादीतली काही मुलं येत नाहीत. टेक्सासात सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत ती कुठल्याही शाळेत परतली तर गळतीत धरत नाहीत. म्हणून तो महिना आम्ही फोनला चिकटलेल्या. नंबर बंद. दुसरा नंबर मावशीचा, ती म्हणते, ‘लुइझियानाला गेले वाटतं, काकाकडे.’ मूल का गेलं, त्याचा कोड नोंदीत लिहावा लागतो. आता ‘वाटतं’ याला कोड नाही. ८२ म्हणजे राज्याबाहेरच्या शाळेत गेला, १६ म्हणजे मायदेशी परतला, ६० म्हणजे घरी शिकतो, आणि ९८ म्हणजे यातलं काहीच नाही, म्हणजेच गळाला. लुइझियानाच्या कुठल्या शाळेने त्याची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि गुणांची अधिकृत नोंद, मागितली किंवा तो दाखल झाल्याचं कळवलं तर ८२. नाही तर ९८, मावशी कितीही खरं बोलत असली तरी.

आमच्या वरिष्ठांना ही ‘तरी’ आवडत नसे. एकदा त्यांनी माझ्या टेबलावर यादी ठेवली आणि पेन्सिलीने सतरा नावांपुढे ८२ लिहून दिलं. मी ट्रान्सक्रिप्टची विनंती मागितली. त्या म्हणाल्या, ‘येईल गं.’ मी म्हटलं, ‘आली की लिहीन.’ पाच आल्या. बाकी बारा ९८ राहिले आणि त्या वर्षी माझं मूल्यमापन ‘सहकार्य अपुरं’ असं झालं. ते मूल्यमापन मी अजून जपून ठेवलंय.

मला सगळ्यांत जास्त सलतो तो ६०. टेक्सासात घरी शिकवण्यासाठी पालकाने सहीचं पत्र दिलं की पुरतं. ज्या मुलाचे आईवडील दिवसातून दोन कामं करतात, ज्याच्या गैरहजेऱ्या शाळेला जड झाल्यात, त्या मुलाच्या आईपुढे टेबलावर तो कागद सरकवला जातो. आई सही करते. मूल छेदातून बाहेर. आकडेवारीच्या दृष्टीने सगळं नियमात. यजमानांना वह्या तपासायच्याच असतील तर इथे तपासू द्या: शाळेत ६०, १६ आणि ८२ या कोडांवर वर्षाला किती मुलं जातात आणि शेजारच्या तशाच शाळांतून किती. एखाद्या शाळेतली दहावी-अकरावीची मुलं अचानक घाऊक भावात घरी शिकू लागली असतील, तर रेट वाचूच नका.

---

प्रश्न: मुलगा दहावीत आहे. जूनमध्ये आम्ही कायमचे पुण्याला परततोय. शाळेला तोंडी सांगितलं. तरी आता रजिस्ट्रार बाई दोनदा फोन करून ‘लेखी द्या’ म्हणतात. आम्ही काय गुन्हा केलाय? भारतात तर शाळाच आपल्याला दाखला देते.
— एक त्रासलेली आई, न्यू जर्सी

उत्तर: बाईंवर रागावू नका, त्या माझ्या जातकुळीच्या दिसतात. तुम्ही न सांगता गेलात आणि त्यांच्याकडे कागद नसला, तर तुमचा मुलगा पुण्यात पहिला नंबर काढत असला तरी इथे तो शाळेच्या छेदात राहील आणि दोन वर्षांनी ‘डिप्लोमा मिळाला नाही’ या रकान्यात जाईल. त्याला स्वतःला काही तोटा नाही, पण शाळेचा रेट घसरतो. दोन ओळींचं पत्र द्या: आम्ही अमुक तारखेला देश सोडून भारतात जात आहोत, तारीख, सही. बस्स.

देश सोडणाऱ्यांसाठी फेडरल नियम खरं तर सैल आहे. पालकांशी बोलणं झालं तर ते शाळेच्या अधिकाऱ्याने लिहून फाइलला लावलं तरी चालतं, कारण परदेशातल्या शाळेकडून ट्रान्सक्रिप्टची मागणी येईलच असं नाही. तरीही बाई तुमच्या हातचं मागतात, कारण तपासणीला आलेल्या माणसापुढे पालकाची सही जास्त वजनदार. तुम्ही दुसऱ्या राज्यात गेला असतात तर मात्र नुसतं तुमचं पत्र पुरलं नसतं. तिथल्या शाळेने मुलगा दाखल झाल्याचं कळवावं किंवा त्याची कागदपत्रं मागवावीत, तेव्हाच इथलं नाव कमी होतं.

आणि पुण्याला जमलं नाही म्हणून परत आलात तर? येतात बरं का बरेच. तर ज्या शाळेत येईल तिथे तो आपल्या मूळ बॅचमध्येच धरला जाईल, पहिल्यांदा नववीत कधी बसला त्यावरून. मधलं वर्ष वाया गेलं तर चार वर्षांच्या रेटमध्ये तो मागे पडेल. काही राज्यं पाच आणि सहा वर्षांचे रेटही काढतात, तिथे तो दिसेल. जाण्याआधी ट्रान्सक्रिप्टच्या दोन सीलबंद प्रती मागून घ्या. पुण्यात लागतील.

---

प्रश्न: भाच्याने बारावीत शाळा सोडली, पुढच्या वर्षी जीईडी दिली, आता कम्युनिटी कॉलेजात आहे. त्याची आई सगळ्यांना सांगते, ‘तो हायस्कूल ग्रॅज्युएट आहे.’ शाळा म्हणते, नाही. कोण बरोबर?
— एक मामा, इलिनॉय

उत्तर: त्याच्या आईशी या विषयावर वाद घालू नका. मुलगा कॉलेजात आहे, आनंद माना.

मोजणीपुरतं विचाराल तर शाळा बरोबर. जीईडी १९४२ साली सैन्यातल्या मुलांसाठी सुरू झाली, शिक्षण अर्धवट टाकून गेलेल्यांना परत येऊन वाट मिळावी म्हणून. पुढे ती सगळ्यांसाठी खुली झाली आणि आकडेवारीत मोठा गोंधळ करून बसली. नोबेल मिळवलेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांचे सहकारी पॉल लाफाँटेन यांनी २०१०च्या त्यांच्या निबंधात दाखवलं की, जीईडीवाल्यांना ग्रॅज्युएट धरल्यामुळे देशाचा रेट वर्षानुवर्षं चांगला दिसत राहिला. त्यांना बाजूला काढलं तर तो साठच्या दशकाच्या अखेरीस ८० टक्क्यांच्या आसपास पोचून नंतर उतरला होता. शिवाय नोकरीच्या बाजारात जीईडीवाल्यांची कमाई डिप्लोमावाल्यांपेक्षा गळालेल्यांच्याच जवळ राहते, असंही हेकमन यांच्या कामातून पुढे आलं. अर्थात ही सरासरी झाली. तुमचा भाचा पुढे शिकतोय, आणि हे सगळ्यांना जमत नाही.

वरच्या टेक्सासच्या पालकांसाठी: हाच तो भाचा, जो शाळेच्या हिशेबात ग्रॅज्युएट नाही आणि सेन्ससच्या हिशेबात ड्रॉपआउटही नाही.

---

प्रश्न: घर घ्यायचंय. एका शाळेचा रेट ९८, दुसरीचा ८९. घराच्या किमतीत बराच फरक. ९८च घ्यावी ना?
— घाईत असलेला एक जण, व्हर्जिनिया

उत्तर: घर कुठलंही घ्या, पण शाळेचं तेवढ्यावरून ठरवू नका. तुमच्या शेजारच्या वॉशिंग्टन डीसीत २०१७ साली बॅलू हायस्कूलच्या सगळ्या ग्रॅज्युएट मुलांना कॉलेजात प्रवेश मिळाल्याची बातमी गाजली. नंतर पत्रकारांनी हजेरीची वही उघडली, तर कित्येक मुलं शाळेतच फिरकत नव्हती. मग शहरभर तपासणी झाली आणि त्या वर्षी डिप्लोमा मिळालेल्या दर तीन मुलांमागे साधारण एकाला तो नियम मोडून दिला गेल्याचं निघालं. तिथे छेद चोख होता. पहिल्या उत्तरात मी म्हटलं ना, अंशात फारशी लबाडी करता येत नाही? हा तिचा अपवाद. कागद खरे होते, त्यामागचा अभ्यास नव्हता.

दोन्ही शाळांच्या कचेरीत फोन करून तीन गोष्टी विचारा. चार वर्षांपूर्वी नववीत पहिल्यांदा किती मुलं आली आणि या जूनमध्ये कितींना डिप्लोमा मिळाला, दोन्ही टक्क्यांत नको, नगांत. मधल्यांपैकी किती ‘दुसरीकडे गेली’ म्हणून कमी केली. आणि ऐन शेवटच्या महिन्यांत संगणकावरचे क्रेडिट रिकव्हरीचे, म्हणजे राहिलेले विषय भरून काढायचे, कोर्स करून किती जण पार पडले. ८९वाली शाळा झटकन आकडे काढून देईल आणि ९८वाली तुम्हाला माहितीपत्रक पाठवील, असं मी पाहिलंय. उलटंही पाहिलंय. उत्तर टाळलं तर डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या मीटिंगला जा. नागरिकांना बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, नाव आधी नोंदवावं लागतं, आणि तिथे विचारलेला प्रश्न इतिवृत्तात जातो.